वायर धरणारी जाऊ

"ए कोंबडे, तिले सांग, आपला केर आपल्या उकिरड्यावर टाकाव मनाव. लोकाइच्या आंगणात ढकलू नोको."

कुंतानं हे कोंबडीला सांगितलं. कोंबडी कणी टिपत होती. तिनं मान वर केली, जरा ऐकल्यासारखं केलं आणि पुन्हा खाली घातली. निरोप जिच्यासाठी होता ती सुगंधाबाई कुडाच्या अलीकडे बाहारीनं आंगण झाडत वाकलेली होती. ती सरळ झाली. कुडावर दोडक्याचा वेल चढला होता, त्याच्याकडे तोंड करून म्हणाली,

"दोडक्याच्या वेला, तिले सांग, वारा काही माह्या बापाच्या घरचा नाई. पाला कुठी उडवाचा ते तोच ठरवते. त्याच्याशीच भांड मनाव."

"कोंबडे, वाऱ्याचं नाव सांगून लोकं आपला आळस झाकतेत."

"वेला, सकाळी सकाळी तोंड उघडलं त निदान राम मनाव."

झालं. दोघी आपापल्या दारात वळल्या. सुगंधाबाईच्या अंगात थोडी ऊब आली. दिवसाचं पहिलं बोलणं झालं होतं.

दोघी सख्ख्या जावा. सुगंधाबाई थोरली, कुंता धाकटी. एकच घर मधोमध कुड घालून दोन केलेलं, आंगणही तसंच फाडलेलं. अबोला पडला त्याला कित्येक पावसाळे झाले होते. मोहाच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात, म्हणजे पडलेली फुलं वेचायला सोपी. कुंतानं असाच एक दिवस जाळ लावला, वारा फिरला, आणि जाळ पळत जाऊन सुगंधाबाईच्या तणसीच्या ढिगात शिरला. बैलांचा उन्हाळ्याचा चारा घटकाभरात राख झाला. सुगंधाबाईच्या तोंडून गेलं, "मुद्दाम लावलीस." कुंता म्हणाली, "मुद्दाम लावली मनतेस त ह्या तोंडानं तुह्याशी कधी बोलणार नाई." तेव्हा दोघींचे धनी होते. ते हसले. म्हणाले, चार दिवसांनी आपोआप निवळते. पुढं दोघंही एकामागे एक गेले आणि निवळवणारं कुणी उरलं नाही. तणीस दर हंगामात नवी रचली गेली. अबोला तोच राहिला, सुंभ जळून नुसता पीळ उरावा तसा.

म्हणजे बोलणं बंद नव्हतं. आमच्याकडे अबोल्यालाही रीत असते. थेट बोलायचं नाही, एवढंच. मधे कुणीतरी ठेवायचं. माणूस असेल तर माणूस, नसेल तर कोंबडी, झाड, बादली.

आलापल्लीच्या अलीकडे जंगलखात्याचा बंगला होता. समोर हिरवळ, मागे चिचेची झाडं, पलीकडे लाकडाचा डेपो आणि आरागिरणी. हिरवळ म्हणजे जंगलातलंच गवत, पण सायबाच्या समोर वाढलेलं, म्हणून त्याला न्हाव्यासारखं कापावं लागे. पूर्वी बाया ओळीनं बसून विळ्यानं गवत कापत. गाणी होत, कुणाच्या सुनेची निंदा होई, जवसाच्या चटणीची देवघेव होई. मग डेपोत कामं निघाली, बाया तिकडे वळल्या. उरल्या ह्या दोघी. कुंता बंगल्याच्या उगवतीला बसे, सुगंधाबाई मावळतीला. मधे सगळा बंगला. तरी सुगंधाबाईला तिकडच्या विळ्याचा आवाज येई. खर्र, खर्र. तो थांबला की हिचाही हात थांबे. पाणी प्यायली असेल. बोटाला लागलं तर नसेल? मग खर्र सुरू होई, आणि हिचा हात पुन्हा चाले.

लेक प्रेमिला आरमोरीकडे दिलेली. दिवाळीला येते म्हणे आणि कधी कधी येईही. बाकी वर्षभर सुगंधाबाईच्या घरात दुसरा आवाज म्हणजे कुडापलीकडचा. कुंतानं मुसळ उचललं, कुंताला ठसका लागला, कुंतानं भात उतरवला. हे सगळं तिला न पाहता कळे. वैरीण असली तरी खोकते तर खरी.

आश्विनाचं ऊन चटके देत होतं त्या सुमारास नागपूरहून लाकडाच्या लॉरीवर दोन मशिनं आली. हिवाळ्यात मोठे सायेब दौऱ्यावर येणार, हिरवळीवर मांडव पडणार, म्हणून गवत कापायचं मशीन घ्यायचं ठरलं होतं. दोन पाहायला पाठवली होती. एक ठेवायचं, एक परत. बरोबर मशिनं दाखवणारा एक माणूस होता, पॅन्टला चिखल लागू नये म्हणून टाचेवर चालणारा.

पहिलं तेलाचं. त्यानं दोरी ओढली, मशीन खोकलं, पुन्हा ओढली आणि असा धडाका सुरू झाला की चिचेवरच्या साळुंक्या डेपोपर्यंत उडाल्या. ते जिकडे ढकलाल तिकडे जाई. दुसरं वायरीचं. त्याच्या मागे काळी लांब वायर, ती वऱ्हांड्यातल्या भोकात खुपसायची. आरागिरणीच्या डायनामावर बंगल्यात दिवे, पंखा होते, त्याच करंटवर हे चाले. आवाज त्याचाही होता, पण खडखड, कडबा कापावा तसा.

रेंजरसायेब साताऱ्याकडचे, वयानं लहान, मनानं बरे. त्यांनी दोघींना बोलावलं.

"हे बघा. तेलाच्या मशीनला एकच बाई पुरे. वायरच्या मशीनला दोन लागतात. एकीनं ढकलायचं, दुसरीनं मागून वायर उचलून धरायची, नाहीतर पात्याखाली येईल. चालवणार तुम्ही. आधी हात लावून बघा आणि तुम्हीच सांगा कुठलं ठेवू."

"एकच पुरे, मनजे दुसरीनं काय कराचं?" नानाजी चौकीदारानं विचारलं. त्याला दुसऱ्याच्या वाटचं विचारायची सवय होती.

"दुसरीला इथं काम नाही राहणार," सायेब म्हणाले. त्यांना ते सांगताना बरं वाटलं नसावं, कारण ते गवताकडे पाहत होते.

कुंता नानाजीकडे वळली. "नानाजीभाऊ, सायबाले सांग, मोठी ते हाय. तिलेच इचारा, तिलेच ठेवा. माहा भाऊ मले मुलचेऱ्याले कवाचा बलावते. मी जाईन निंगून. कुडाचे बांबू बी तिलेच होतीन जाळाले."

बोलून ती विळा उचलून चालू पडली. सुगंधाबाई तिथंच उभी राहिली.

चार दिवस तिनं दोन्ही मशिनं चालवून पाहिली. खरं सांगायचं तर तेलाचं मशीन म्हणजे लोणी होतं. दोरी ओढायची कळ एकदा सापडली की ते आपल्या पायांनी पुढं पळे. चिचेखाली जाई, विहिरीमागे जाई, फाटकापर्यंत जाई. वायरीचं विहिरीच्या अलीकडेच अडे. वायर संपली की मशीन संपलं. गिरणी बंद तर तेही बंद. आणि वायर धरायला त्या चार दिवसांत नानाजी होता, तो बिडी पेटवायला वायर खाली ठेवी.

"वहिनी, तेलाचंच घे," तो म्हणाला. "ते मोकळं जनावर हाय. हे वायरीचं मनजे दाव्याले बांधलेली गाय. दावं सरलं का चरनं सरलं."

"दाव्याले बांधलेली गाय सांजले गोठ्यात त असते," सुगंधाबाई म्हणाली.

डेपोतल्या बायाही तेच म्हणाल्या. डायनामावरचा लटारू, ज्याचा करंट होता, तोही म्हणाला, बाई, वायरीच्या नादी लागू नोको. सुगंधाबाई मान हलवी. संध्याकाळी आंबील पिताना ती कुडाकडे पाही. पलीकडे भांडं वाजे. हे भांडं वाजायचं थांबलं तर? कुंता तिकडे मुलचेऱ्याला भावजयीच्या हाताखाली जाणार, इकडे अर्धं घर पडणार, पावसात त्याच्या भिंती भिजून आपल्या भिंतीला टेकणार. भांडायलासुद्धा समोर कुणी लागतं. नुसत्या दोडक्याशी किती बोलणार?

पाचव्या दिवशी ती सायबापुढं उभी राहिली. "वायरीचं ठेवा."

"वायरचं? का?"

"तेलाचा वास मले सयत नाई. डोक्शात चढते."

नानाजीनं बिडी तोंडातून काढली. "वहिनी, तू त चिखलात उतराच्या आंधी पायाले रॉकेल चोळतेस."

"रॉकेल येगळं, पिटरोल येगळं."

नानाजी तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याला काय कळलं ते त्यानं बिडीबरोबर गिळलं आणि तो उगाच फाटक उघडायला गेला.

कुंताला निरोप पोचला तेव्हा ती बादलीशी बोलली. "पायतेस ना बादले? आता मले तिची शेपटी धरून फिराले लावली. राणी पुढं, दासी मांगं." पण दुसऱ्या दिवशी गिरणीचा भोंगा झाला तेव्हा ती वऱ्हांड्यापाशी उभी होती, पदर खोचून. कोंबडीला तिनं जाता जाता सांगितलं होतं की मुलचेऱ्याला जात नाही ती भावजय तोंडाची तिखट आहे म्हणून, दुसरं काही नाही.

असं ते काम सुरू झालं. पुढं सुगंधाबाई, मशीन ढकलत. मागं कुंता, वायरीचे वेढे खांद्यावर, वायर साप धरावा तशी दोन बोटांत धरलेली. वळायचं झालं की सुगंधाबाई मशीनला सांगे, "मशीनबाई, आता वळाचं हाय, तिले सांग." आणि कुंता वाटेत जे येईल त्याला सांगे. "खांबा, तिले सांग, हळू चाल मनाव. माहे पाय काई तिच्यासारखे लांब नाईत." पाहणाऱ्यांना मोठी मौज. डेपोतली माणसं पाणी प्यायच्या निमित्तानं कुंपणाशी येऊन उभी राहत.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी व्हायचं ते झालं. गुलाबाच्या कुंड्यांपाशी वायर अडकली. सुगंधाबाई मशीन मागं ओढत होती आणि वायर पात्याकडे सरकत होती. कुंतानं पाहिलं. ती कुंडीला म्हणाली, "कुंडे, तिले सांग, वायर पात्याखाली येऊन राह्यली." मशीनच्या खडखडाटात कुंडीनं ऐकलं असेल तर ऐकलं. "कुंडे, सांग ना तिले. थांबाव मनाव. कुंडे."

निळा जाळ उडाला. फट् झालं. मशीन मुकं झालं, बंगल्यातला पंखा थांबला, तिकडे गिरणीत कुणीतरी लटारूच्या नावानं ओरडलं. सुगंधाबाईला काही झालं नव्हतं. हात लाकडी मुठीवर होते म्हणून असेल, नशीब म्हणून असेल. तिनं मागं पाहिलं. कुंता दोन्ही हातांनी कुंडी धरून उभी होती.

रेंजरसायेब धावत आले. वायर पाहिली, दोघींना पाहिलं. "मरायचं होतं का? मागच्या माणसानं ओरडायला नको?"

"नानाजीभाऊ, सायबाले सांग," कुंता म्हणाली. "मी सांगतलं होतं मनाव."

"कुणाला सांगितलं?"

"कुंडीले."

सायेब पायरीवर बसले. नानाजीनं त्यांना सगळी रीत समजावली, तणसीच्या ढिगापासून. ते ऐकत राहिले. साताऱ्याकडे असं नसतं की काय कोण जाणे. शेवटी म्हणाले, "बस झालं. लॉरी परवा जाते. तिच्यावर हे मशीन परत. तेलाचं ठेवतो. एकच बाई. मला इथं मढं नको."

सायबाशी हुज्जत घालायची सुगंधाबाईची जात नव्हती. पण ती पुढं झाली.

"सायेब, चूक वायरीची नाई. चूक तोंडाची हाय. माह्या बी अन् तिच्या बी."

"मग?"

"तोंडावर इलाज करा. मशीन कायले हाकलता?"

सायेब पायरीवरून उठले. मग कुंताकडे बोट करून म्हणाले, "ठीक. उद्या लटारू वायर जोडून देईल. पण हिनं हाक मारायची. कुंडीला नाही, तुम्हाला. मी आत खिडकीशी बसेन. मला हाक ऐकू आली तर हे मशीन राहील. नाही आली तर परवा लॉरीवर."

कुंता काही बोलली नाही. ना नानाजीला, ना खांबाला.

त्या संध्याकाळी कुडापलीकडे कोंबडीशीही बोलणं झालं नाही. दिवस मावळताना सुगंधाबाईनं कुडाच्या फटीतून पाहिलं, तर आंगणात दोरीवर कुंताची दोन्ही लुगडी धुऊन वाळत घातलेली. अंगावर जुनेर. दोन्ही लुगडी एकदम धुतं ते परगावी निघालेलं माणूस. सुगंधाबाई तशीच उभी राहिली. जंगलावरून गार वारा येत होता, लुगडी हलत होती. तिनं वेलाकडे तोंड केलं.

"वेला," ती म्हणाली.

पुढचा शब्द यायला हवा होता. तिले सांग, जाऊ नोको मनाव. एवढाच. टोमण्याला वेल चालतो, हे त्याच्या हाती द्यावंसं तिला वाटेना. ती आत गेली आणि आंबील न पिताच निजली.

सकाळी धुकं होतं. बंगल्यावर सुगंधाबाई आधी पोचली. लटारूनं वायरीला काळी पट्टी गुंडाळून दिली होती, जखमेला चिंधी बांधावी तशी. भोंगा झाला. कुंता नाही. नानाजी फाटकाशी जाऊन रस्ता पाहून आला. सायेब खिडकीशी कागद घेऊन बसले होते, कागद उलटत नव्हते.

मग धुक्यातून कुंता आली. अंगावर धुतलेलं लुगडं. हातात गाठोडं नव्हतं, पण गाठोडं काय, मागाहून आणता येतं. तिनं कुणाकडे न पाहता वायर उचलली.

सुगंधाबाईनं मशीन सुरू केलं. मागं पाहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पहिली रांग सरळ गेली, हाक मारायचं कारणच नव्हतं. दुसरी गेली. तिसऱ्या रांगेत कुंड्या आल्या. मुठीतून तिला वायर ताणल्याचं कळलं, जसं बैलाच्या मानेवरून जू ओढल्याचं कळतं. ती चालत राहिली. आता थांबलं तर कुंताला बोलायचं कारण उरणार नाही. पाऊल टाकलं. आणखी एक टाकलं. मान ताठ, डोळे गवतावर. पात्यासमोर दव उडत होतं. कापलं तर कापलं. लॉरीवर गेलं तर गेलं. जायचंच असेल तर...

"बाई."

इतकं हळू की तिला वाटलं, आपलंच मन. तिनं पाऊल उचललं.

"बाई, थांब. वायर अडकली."

ती थांबली. कळ दाबली. मशीन गप्प झालं. मागं वळली नाही, कारण तोंड कसं झालं होतं ते तिचं तिला ठाऊक होतं.

"हो," ती म्हणाली.

कुंतानं कुंडीमागून वायर सोडवली. "चाल आता."

"आला का आवाज सायेब?" नानाजीनं वऱ्हांड्यातून विचारलं.

आतून सायबांनी कागद उलटला.

कुंता नानाजीकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "सरकारी हुकूम हाय मनून. नाई त मी कायले बोलू? लोकाइले वाटाचं, हिचं नाक खाली आलं."

लॉरी गेली ती तेलाचं मशीन घेऊन. त्यानंतर हिरवळीवर रोज हाक ऐकू येई. बाई, वळ. बाई, सरळ. बाई, अंमळ दम घे. हुकमात जेवढं बसेल तेवढंच. दुपारचा भोंगा झाला, काम सुटलं, की कुंता ओठ मिटे. दोघी घरी येत, एक रस्त्याच्या ह्या कडेनं, एक त्या कडेनं. आणि घरी काय? घरी काहीच नाही. बंगल्यावर थेट बोलणाऱ्या बाईला घरी कोंबडीमार्फत बोलायची लाज वाटू लागली असावी. कुंतानं कोंबडीशी बोलणंच सोडलं. सकाळचे टोमणे गेले. सुगंधाबाई मुद्दाम पाला कुडाकडे लोटे. पलीकडून कुंता तो मुकाट्यानं झाडून टाकी. सुगंधाबाईला वाटलं, हे काय करून बसलो आपण? होतं तेवढंही गेलं. अर्ध्या दिवसाची हाक मिळाली आणि उरलेला दिवस दुप्पट रिकामा झाला.

कार्तिकात एक दिवस भोंगा झाला नाही. सुगंधाबाई पहाटे बोडीवर पाण्याला गेली तेव्हाच लटारू भेटला होता. डायनामाचा पट्टा तुटला होता, नवा येईतो गिरणी बंद. त्यानं पट्टा कसा तुटला, कुणाला लागता लागता राहिला, सायेब काय म्हणाले, सगळं रंगवून सांगितलं. म्हणजे काम नाही, हाक नाही. सुगंधाबाई घरी आली, सूप घेऊन आंगणात बसली आणि तांदळातले खडे निवडू लागली. खडे फारसे नव्हतेच.

कुडापाशी पाऊल वाजलं. वेलाच्या पानांआड धुतलेलं लुगडं दिसलं. बराच वेळ ते तिथंच होतं. कोंबडी आली, कुडाखालून इकडे शिरली, तिला कुणी हाकललं नाही.

"बाई," कुडापलीकडून आवाज आला. "आज करंट नाई."

सुगंधाबाईचे हात सुपात थांबले. इथं मशीन नव्हतं, वायर नव्हती, सायबाची खिडकी नव्हती.

"हो का?" ती म्हणाली. "मले नाई मालूम. काऊन, काय झालं?"

"पट्टा तुटला डायनामाचा."

"कवा वो?"

"काल सांजले मनतेत. लटारूच्या अंगावरच आला असता..." कुंतानं कुडाला हात टेकला आणि पहिल्यापासून सांगू लागली. सुगंधाबाईनं सूप बाजूला ठेवलं. मधे मधे ती विचारत होती, मग? पुढं? आणि लटारू काय मनला?